अंगणातली पाठमोरी

मी जुन्या चित्रांची डागडुजी करते. विद्रावक, कापूस आणि संयम यांपलीकडे माझा कशावर फारसा विश्वास नाही. म्हणूनच त्या दुपारी घडलं ते काही न वाढवता सांगते.

चित्र उष्ण प्रदेशातलं होतं. लाल मातीचं अंगण, जाड काळ्या रेघांत बांधलेली केळीची पानं, सपाट पिवळं ऊन आणि पाठमोरी बसून कपडे धुणारी एक बाई. जुन्या व्हार्निशखाली ते ऊन काळवंडलं होतं.

"थुंकी लावून पुसायचं आणि वर पगार घ्यायचा! मजा आहे बुवा तुमची," चौकटी बनवणारे काका दारातून म्हणाले.

"थुंकीनं नुसती धूळ जाते, काका. आज व्हार्निश काढायचंय. भुसा झटकू नका इथं, जा बघू."

त्यांचा भुसा उडून चित्रावर बसू नये म्हणून मी खिडकी लावली, दाराला आतून कडी घातली. विद्रावकाची विषारी वाफ बाहेर ओढणारा पंखा चालू होता. त्याच्या भरवशावर राहिले. तो कधी बंद पडला, मला कळलंच नाही.

हळूहळू विद्रावकाचा वास येईनासा झाला. त्या जागी ओल्या मातीचा, साबणाचा वास आला. दगडावर कपडा आपटल्यासारखं… थप… थप… मग तेही थांबलं. मी जमिनीवर कोसळले. कडी समोर दिसत होती, हात उचलवत नव्हता. आपण इथंच संपणार, हे मला अगदी स्वच्छ कळलं.

तेवढ्यात ओली, खरखरीत बोटं डाव्या मनगटाभोवती आवळली.

"ऊठ, पोरी… चल…"

डोळे उघडले तेव्हा मी बाहेर, व्हरांड्यात होते. काका वाकून बघत होते.

"बाहेर कशा आलात?"

"दारातून…"

"बाई, कडी अजून आतूनच आहे…"

दार फोडावं लागलं. आत चित्रातली ती बाई होती तशीच बसली होती, पाठमोरी. काकांच्या देखत मी तिला म्हणाले, "तुमचे उपकार फिटायचे नाहीत." ते हसले नाहीत. पुढे तिचं ऊन मी जितक्या मायेनं उजळवलं, तितकं दुसरं कोणतंही काम केलेलं नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली. डावा हात सोडून उजवा धरला, पुन्हा डावा धरला. "इथं…" म्हणाले, आणि घड्याळाकडे बघत पुन्हा ठोके मोजू लागले.

घरी मी स्वतः डावं मनगट तपासलं. एक ठोका माझा. दुसरा संथ, काम जरा बाजूला ठेवून कुणी हात धरून उभं असावं तसा.

मी अजूनही तिची ऋणी आहे. फक्त हल्ली दुपार झाली की तो दुसरा ठोका माझ्यापेक्षा जोरात लागतो.