अर्ध्या किलोमीटरची चूक

बाण सरळ त्या बाकड्याकडं दाखवत होता, आणि बाकड्यावर एक माणूस निवांत भडंग खात बसला होता.

पूर्णिमानं हातातलं जीपीएस एकदा झटकलं, पुन्हा बघितलं. बाण हलायचं नाव घेईना. मागं शिकाऊ मंडळींचा घोळका उभा होता, आणि त्यांना आज पहिला डबा शोधून दाखवायचा होता. खेळ तसा साधा. कुणीतरी कुठंतरी एक छोटा डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाईटवर टाकायचे, आणि बाकीच्यांनी यंत्रातल्या बाणामागं जाऊन तो हुडकायचा. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या बागेतला हा डबा पूर्णिमानंच त्या बाकड्याच्या खालून चिकटवला होता. आणि आता त्यावर हे साहेब!

"पावणं, जरा उठतासा?"

"का? बाकडं तुमच्या नावावर हाय व्हय?" त्यानं भडंगाचा पुडा पुढं केला. "बसा की. जागा हाय."

"बसायचं न्हाय. तुमच्याखाली आमची वस्तू हाय."

तो असा काही ताडकन उठला की निम्मं भडंग गवतात गेलं. घोळका खो-खो हसत सुटला. डबा निघाला, टाळ्या झाल्या. त्या माणसानं डब्याकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं, मग पूर्णिमाकडं... आणि नजर तिथंच राहिली.

"मला पण शिकवा की हे," तो म्हणाला.

त्याचं नाव अनेकांत. कबनूरला घरचे यंत्रमाग. पुढच्या रविवारी गडी खरोखरच हजर झाला, एका जमीन मोजणाऱ्याकडून घेतलेलं जुनं जीपीएस घेऊन.

पूर्णिमा राजारामपुरीत ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात कामाला होती. रविवारी सकाळी बागेत लॅपटॉप मांडून ती नवशिक्यांची यंत्रं लावून द्यायची, अपडेट करून द्यायची. आता या बाईचा स्वभाव सांगायलाच हवा. काळजी करायला तिला कारण लागायचं नाही. घराला कुलूप लावून चार पावलं गेली की ही परत फिरून कुलूप ओढून बघणार. यंत्रांचंही तेच. अपडेट झालं की यंत्र आपली सगळी सेटिंग्ज विसरतं, म्हणून मालकाच्या हातात देण्याआधी ती प्रत्येक यंत्र स्वतः तपासायची. शिवाय तिचा एक नियम होता, नवशिक्यानं एकट्यानं डोंगरात जायचं नाही.

अनेकांतच्या यंत्राला मात्र दर रविवारी नवा आजार.

"आज काय झालं?"

"भाषा जर्मन झाली. आपोआप."

"आपोआप?"

"माझा हात लागला असंल."

"तुमचा हात सारखा लागतो कसा हो?"

"मागावरचा हात हाय. गप बसत न्हाय."

तिला हसू यायचं, आणि हसू आलं की लगेच धास्ती वाटायची. घरी कळलं तर? त्याच्या घरी कळलं तर? आणि त्याच्या मनात तसं काही नसेलच तर? रात्री अंथरुणावर पडली की हे तिन्ही प्रश्न उशाशी येऊन बसायचे.

मग तो रविवार आला. अनेकांतचं यंत्र लॅपटॉपला जोडलेलं होतं, पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. दोघं शेजारी बसून त्या पट्टीकडंच बघत होती.

"पूर्णिमा," तो हळू म्हणाला. नेहमी बोंबलून बोलणारा माणूस हळू बोलला, तशी तिनं पट्टीवरची नजर काढली. "खरं सांगू? हे यंत्र कधी बिघडलंच न्हवतं. मी तुमच्यासाठी येतोय. तुम्ही मला लई आवडतासा... तुमच्या मनात काय हाय?"

पट्टी पूर्ण झाली. पूर्णिमाच्या कानातून वाफा निघत होत्या. काय बोलावं? हो म्हणावं? एवढ्या लवकर? तिनं केबल उपसली आणि यंत्र त्याच्या हातात कोंबलं.

"आता न्हाय सांगायचं तर ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "चंदगडला तुमचा अवघड डबा हाय न्हवं? तो मी काढून आणला तर सांगशीला?"

"हं," पूर्णिमा म्हणाली.

तिनं काय ऐकलं आणि कशाला हं म्हटलं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी दुपारी दुकानात तिचा मोबाईल वाजला. अनेकांतचा फोटो. 'लाईट न्हाय, माग बंद. चंदगडच्या फाट्यावर हाय. आकडे माझे मीच घातले, बघा. आता पुढं रेंज न्हाय म्हणत्यात. डबा घेऊनच येतो.'

फोटोत त्याच्या यंत्राचा पडदा होता. पूर्णिमानं तो मोठा करून बघितला, मग रकाने एकेक करून मोजले.

तिच्या डब्याचे आकडे अंश आणि मिनिटांत होते, मिनिटांपुढं दशांश. अपडेटनंतर त्याचं यंत्र मात्र मूळच्या सेटिंगवर गेलं होतं. अंश, मिनिटं आणि सेकंद. त्यानं बिचाऱ्यानं दशांशाचे आकडे सेकंदांच्या रकान्यात भरले होते. बाण आता जागा दाखवणार, तेही अगदी छातीठोक, पण डब्यापासून अर्धा किलोमीटर लांब.

कोल्हापुरात अर्धा किलोमीटर चुकला तर माणूस दुसऱ्या टपरीवर चहा पितो. चंदगडच्या डोंगरात, श्रावणातल्या धुक्यात? कुठला ओढा, कुठली दरड, कुठलं शेवाळ... तिचा डबा पायवाटेला लागून होता. तिथून अर्ध्या किलोमीटरवर काय आहे, ते तिला माहीत नव्हतं. आणि ते यंत्र न तपासता हातात दिलं कुणी? एकट्यानं जायला हं म्हणालं कुणी?

तिनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. पोलिसांना कळवावं? काय सांगणार — साहेब, आमचा माणूस अर्धा किलोमीटर चुकलाय? मालकाला "जाऊन येते" एवढंच म्हणून तिनं आपलं यंत्र पाठपिशवीत टाकलं आणि स्टँड गाठला.

चंदगडची एसटी त्या दिवशी जितकी हळू गेली, तितकी आजवर कधी गेली नसेल. प्रत्येक थांब्यावर कोण ना कोण पोतं चढवत होतं. गडहिंग्लज गेलं, पाऊस वाढला. पूर्णिमाला डोळ्यांपुढं नको नको ते दिसायला लागलं. त्याच्या आईला काय सांगू? माझ्याकडं बघत बघत तो शिकला, आणि मी त्याच्याकडं बघत बघत चुकले, असं सांगू? देवा, त्याला सुखरूप ठेव. मी त्याला सगळं सांगीन, एका दमात सांगीन. खिडकीच्या गजाला धरून ती रडली, आणि शेजारच्या बाईनं काही न विचारता आपला रुमाल दिला.

फाट्यावर धोंडुबाईची टपरी होती. डबा लपवताना पूर्णिमानं तिथंच चहा घेतला होता.

"व्हय की, आलतं एक पावणं," धोंडुबाई म्हणाली. "हातात ते मशीन. मी म्हटलं, आरं बाबा, धुकं लई हाय. तर म्हणतंय कसं, बाण दावतोय मला! अजून आलं न्हाय बघ माघारी."

तिचा लेक आकाराम, चांगला थोराड गडी, पावसाचं इरलं डोक्यावर चढवून गुरांचा कासरा घेऊनच उठला. "कुठनं सुरुवात करायची, ताई? रान मोठं हाय."

पूर्णिमानं आपलं यंत्र काढलं. आजवर शेकडो लोकांना जे करू नका म्हणून बजावलं, ते तिनं जाणूनबुजून केलं. सेटिंग बदलून सेकंदांचं केलं, फोटो समोर धरला आणि त्यानं घातले होते तेच चुकीचे आकडे, जसेच्या तसे घातले. बाण गर्रकन वळला. पायवाट सोडून, खाली झाडीकडं.

"इकडं," ती म्हणाली.

घसरत, झुडपं धरत दोघं उतरली. धुक्यात दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. पाण्याचा आवाज वाढत गेला आणि एकाएकी पुढं ओढा आला, लाल, फुगलेला, नुसता घोंघावत होता. बाण पलीकडं दाखवत होता.

"अनेकांत!" ती ओरडली. "अनेकांत!!"

पलीकडच्या जांभ्या दगडामागून एक डोकं वर आलं. चिखलानं माखलेलं, पण डोकं त्याचंच!

"डबा न्हाय सापडला!" तो हात हलवत ओरडला. "सगळे दगड उलथून बघितले! आणि मी आलो तेव्हा ह्यात घोट्याएवढं पाणी होतं हो!"

पूर्णिमा मटकन दगडावर बसली. हसावं का रडावं कळेना, तर तिनं दोन्ही एकदम केलं.

"डबा तिथं न्हाईच!" ती म्हणाली. "माझी चूक झाली!"

"काय? ऐकू येईना!"

"सेटिंग चुकलं माझं! तुम्ही तसं विचारलंसा... माझं चित्त ठिकाणावर नव्हतं!"

"काऽय?"

आता मात्र पूर्णिमा उठली. एसटीत देवाला दिलेला शब्द होता, आणि एवढ्या भीतीनंतर लाजायला अंगात जागाच उरली नव्हती. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या चंदगड तालुक्याला ऐकू जाईल असं ओरडली —

"तुम्ही मला आवडतासा! लई आवडतासा! तुम्हाला काय झालं असतं तर मी काय केलं असतं?"

ओढा घोंघावत राहिला. अनेकांत पुतळ्यासारखा उभा.

"पावणं," आकारामनं हाळी दिली, "आलं का ऐकू, का मी सांगू?"

"ते चित्ताचं पण आलं होतं!" तिकडून उत्तर आलं. "पण हे ऐकायला जास्त बरं वाटलं!"

"मेल्या!" पूर्णिमा म्हणाली. हे त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

थोडं खाली ओढा दोन दगडांमधून चिंचोळा होत होता. आकारामनं कासरा झाडाला बांधून दुसरं टोक पलीकडं फेकलं. अनेकांतनं ते कमरेला गुंडाळलं आणि धडपडत, गुडघा फोडून घेत, एकदाचा अलीकडं आला. पूर्णिमानं त्याचा हात धरला. गार पडलेला, सोलवटलेला, पण जिवंत. मग तिचा पहिला राग निघाला, दुसरा निघाला, आणि तो नुसता मान हलवत सगळं ऐकत राहिला.

"यंत्र द्या इकडं," शेवटी ती म्हणाली. "ते सेटिंग आधी नीट करते."

"टपरीवर गेल्यावर करा की. पाऊस बघा किती हाय."

"न्हाय. आत्ता."

भर पावसात, धुक्यात उभं राहून तिनं सगळी सेटिंग्ज एकेक करून तपासली. वेळ जरा जास्तच लागला, कारण एका हातानं करायचं होतं. दुसरा हात त्याच्या हातात होता, आणि तो सोडायचा तिचा काही विचार नव्हता.