सत्तरला सहा कमी

पक्वतामापकाची पट्टी निशिगंधाच्या कपाळावरून काढताना डॉ. यशोधरा बिवलकरांनी पडद्यावरचा आकडा दोनदा वाचला. चौसष्ट. मागल्या वर्षी चौसष्ट, त्याच्या मागल्या वर्षीही चौसष्टच. वीस वर्षांची हुशार, हजरजबाबी पोरगी, आणि आकडा काही केल्या हलेना.

"किती?" निशिगंधानं विचारलं.

"चौसष्ट."

"म्हणजे जुई गेली," ती म्हणाली आणि बाहेर पडली. दार तिनं हळूच लावून घेतलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं, असं यशोधराबाईंच्या मनात आलं.

हा आकडा त्यांचाच. माणसाच्या कपाळामागचा जो भाग 'थांब, पुढचं बघ' म्हणतो, त्याच्या तारांवर वेष्टण चढायला पंचविशी उजाडते. ते किती चढलं हे मोजणारं यंत्र त्यांनी नाशिकच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं राबून बनवलं आणि आकड्याला नाव दिलं पक्वांक. सत्तरच्या पुढे माणूस परिणामांचा विचार करून वागतो, असं त्यांनी शोधनिबंधात लिहिलं. शेवटी, सगळेच संशोधक घालतात तसं, एक वाक्य घातलं: सत्तरच्या आतल्या तरुणांना मोठ्या निर्णयांपासून संरक्षण मिळावं. झालं! त्या एका वाक्याचा कायदा झाला. कुठे राहायचं, काय शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, हे सत्तरच्या आतल्यांसाठी त्यांचा निर्णयरक्षक ठरवणार. ज्यांना घर आहे त्यांचे आईबाप, ज्यांना कुणी नाही त्यांच्या वसतिगृहाचा प्रमुख. त्यातूनही अशा कुणी कुठे सही केलीच, तर ती पंधरा दिवसांत मागे घेता येणार. कायदा कुणी वाईट हेतूनं केला नव्हता हो. वाईट हेतू असता तर भांडता तरी आलं असतं.

निशिगंधा अनाथालयात वाढलेली. अठरा झाल्यावर ती ढाकण्यांच्या वसतिगृहात आली. धाकटी बहीण जुई, आता नऊ वर्षांची, तिथेच मागे राहिली. आता बेळगावच्या एका जोडप्यानं जुईला दत्तक मागितलं होतं, आणि 'माझी बहीण मला द्या' म्हणून निशिगंधानं बालकल्याण मंडळाकडे अर्ज केला होता. तिला नोकरी होती, खोलीत दुसरी खाट टाकायला जागा होती. पण पालक व्हायला पक्वांक सत्तर लागतो. आज सोमवार; सुनावणी शुक्रवारी होती.

सुदाम ढाकणे आत आले ते वही घेऊनच. मूळचे बीडकडचे, पंचवीस वर्षं पोरं सांभाळलेली, आवाज मैदानावरचा.

"मॅडम, तुमचं यंत्र खोटं बोलत नाही. पण अर्धंच बोलतंय. कायदा आल्यापासून सहा वर्षांत माझ्या एका तरी पोराचा आकडा वर सरकलाय का? पंचविशी उलटली तरी जिथल्या तिथे!"

"आहार, झोप, लहानपणीचे ताण…"

"आहार काय घेऊन बसलात! ज्यांचा वाढला त्यांचं ऐका." त्यांनी वही उघडली. "ही अकरा पोरं माझ्याकडून पळून गेलेली. दिवाळीला गुपचूप फराळाला येतात. म्हटलं, लावून तर बघू पट्टी. एक्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. त्र्याऐंशी. एक पोरगी रस्त्यावर तापानं फणफणलेल्या मैत्रिणीला घेऊन तीन दवाखाने फिरली, आठवड्यानं परत पट्टी लावली तर नऊनं चढलेली."

यशोधराबाई वहीकडे बघतच राहिल्या. "हे आकडे माझ्याकडे कसे नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात ना, सोडून गेलेल्यांची नोंद गळतीच्या रकान्यात टाका म्हणून."

म्हणाल्या होत्या. सगळेच म्हणतात. मधूनच गेलेला माणूस हिशेबात धरला तर आकडेमोड बिघडते, म्हणून तो वगळायचा. इतक्या वर्षांत त्या रकान्यात कोण कोण जाऊन बसलं, हे त्यांनी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

"वय नाही, ढाकणे," त्या हळूहळू म्हणाल्या. "वयानं वेष्टण चढतच नाही. ज्या तारेतून संदेश धावतो तिच्यावरच ते चढतं. आणि तो धावतो कधी? निर्णय स्वतः घेतला आणि त्याची झळ स्वतःला बसली की."

"आणि आपण तर झळच बसू देत नाही."

"सत्तर झाल्याशिवाय निर्णय नाही, आणि निर्णय घेतल्याशिवाय सत्तर नाही. देवा! मी हे काय करून ठेवलं?"

"मग निशूला एखादा निर्णय घ्यायला लावू. आजच!"

"आपण लावलेला निर्णय तिचा कुठे राहिला? मेंदूला असं फसवता येत नाही हो."

त्यांनी मंडळाला फोन लावला. पलीकडच्या बाई फार गोड बोलल्या. नवं संशोधन असेल तर पाठवा, तज्ज्ञ तपासतील, सहा महिने तरी धरा. बेळगावचं जोडपं तितकं थांबणार नाही, हेही त्यांनी तितक्याच गोडपणे सांगितलं.

मग यशोधराबाईंचा धीर सुटला. आयुष्यात एक आकडा इकडचा तिकडे न केलेली ती बाई, पण तिनं निशिगंधाला अंगणातल्या नळापाशी गाठलं आणि तिचा हात धरून म्हणाली, "मी सत्तर लिहिते. सहाच तर हवेत!"

निशिगंधानं हात सोडवला नाही. "आणि पुढल्या तपासणीत सापडलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा जुईला परत नेतील, मॅडम. एकदा माझ्या घरी आणून मग नेतील."

"मग सहा महिने थांब. मी कायदा बदलायला लावते. शप्पथ!"

"सहा महिन्यांत ती दहाची होईल. दहाच्या पोरीला कोण नेतं? मला नाही नेलं कुणी." ती हे अगदी सरळ बोलली. पुढचे चार दिवस यशोधराबाई मिळेल त्या माणसाला फोन करत राहिल्या आणि मिळेल त्या माणसानं त्यांना पत्र पाठवायला सांगितलं.

शुक्रवारी तिघं मंडळाच्या कचेरीत पोचली, तर अधिकारी बाईंनी कागद चाळून मान वर केली. "सुनावणी कसली? अर्ज तर सोमवारीच मागे घेतलाय."

ढाकणे गर्रकन वळले. "निशू?"

"मी सोमवारी दुपारी इथे आले होते," निशिगंधा म्हणाली. "बेळगावची ती दोघं जुईला घेऊन इथेच बसली होती. ती बाई जुईची वेणी घालत होती. चांगली नाही घातली, पण सोडून परत घातली. तीनदा. मग मी सही केली." तिचा आवाज इथे फाटला. "चार दिवस मला जेवण जात नाहीये, ढाकणेभाऊ."

"वेडी आहेस का तू!" यशोधराबाई ओरडल्याच. मग एकदम टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "पंधरा दिवस आहेत! पंधरा दिवसांत सही मागे घेता येते. ती अजाण आहे, चौसष्ट आहे तिचा. द्या तो कागद, आत्ता द्या!"

"घेता येईल," अधिकारी बाई म्हणाल्या. "पण ताजा आकडा लागतो. ए, बस इथे. हलू नकोस."

पट्टी बसली. यंत्र गुणगुणायला लागलं, आणि यशोधराबाईंना कळलं. आकडा यायच्या आधीच कळलं. त्यांनी पट्टी ओढून काढायला हात पुढे केला, पण पडदा उजळला होता.

एकाहत्तर.

"अरे वा, अभिनंदन!" बाईंचा सूर बदलला. "तुम्ही आता कायद्यानं प्रौढ."

"म्हणजे… बहिणीची पालक होऊ शकते?" ढाकण्यांनी विचारलं.

"होऊ शकतात की. पण अर्ज मागे घेतलाय ना, नव्या अर्जाची मुदतही संपली. आणि सही मागे घ्यायची सवलत सत्तरच्या आतल्यांना. या आता आत नाहीत."

"सही केली तेव्हा होती! अहो, त्या सहीनंच तर…" यशोधराबाई खुर्चीत बसल्या आणि तोंडावर पदर धरून हमसाहमशी रडायला लागल्या. ढाकणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

अधिकारी बाईंनी घसा खाकरून एक कागद पुढे सरकवला. "मुलगी आज दुपारीच निघणार आहे. ताबा देताना रक्ताच्या प्रौढ नातेवाइकाची सही लागते. आजवर कुणी नव्हतं म्हणून ढाकणेच करणार होते. आता मात्र तुम्हालाच करावी लागेल."

निशिगंधानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली.

"अजून कुठे करायची आहे?" तिनं विचारलं.