शामसुंदरची संमती

"काकू, मला तुमच्या शामसुंदरची संमती हवी आहे."

स्टील प्लांटच्या रुआबांधा वसाहतीतल्या क्वार्टरच्या फाटकात उभं राहून साधनाने हे वाक्य पाठ केल्यासारखं म्हटलं, आणि त्याच्या आईच्या, पंचफुलाबाईंच्या, हातातलं सूप खालीच आलं.

"संमती? अवं पोरी, घरी कोणी मोठं माणूस नाही का? बापाले पाठवाचं सोडून तूच आली?"

साधना रायपूरच्या विद्यापीठात संशोधन करत होती. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर रोग्याला धोके आणि दुसरे उपाय नीट समजावतात का, त्याचा होकार घेतात का, हा तिचा विषय. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, तिच्या स्वतःच्या घरीही, तो कोणाला धड कळला नव्हता, मग पंचफुलाबाईंचा काय दोष? "मुलाखतीसाठी हो काकू, त्यांच्या ऑपरेशनबद्दलच्या मुलाखतीसाठी!" असा तिने घाईघाईने खुलासा केला. पण काकू तोवर पाहुणीसाठी कोथिंबिरीची सांबारवडी तळायला आत पळाल्या होत्या.

मग शामसुंदर आला. प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा क्लार्क, केस ओले, खांद्यावर टॉवेल... आणि नजर अशी की साधनाला पहिला प्रश्नच आठवेना.

"ऑपरेशन... कशाचं झालं होतं?"

तो लाजला. "हर्नियाचं. पण हळू बोला न जी, शेजारी ऐकून राहिले."

"तुमची संमती घेतली होती?"

"मले कोण विचारते! बाबाले विचारलं, मामाले विचारलं. पोट माह्यं अन् सही मामाची!"

साधना खळखळून हसली. संशोधकाने असं हसायचं नसतं. पण हसू काय विद्यापीठाला विचारून येतं?

खरं तर एक भेट पुरे होती. ती पुन्हा गेली. मग आणखी एकदा – "ऑपरेशननंतर गाणी कोणती आवडतात?" असले प्रश्न घेऊन. शामसुंदर मोठ्या गांभीर्याने उत्तरं देई.

"हे बी प्रबंधात टाकता?"

"संशोधनात काहीच वाया जात नाही," ती मान खाली घालून म्हणे.

"मंग रविवारी बी या. माह्याजवळ लई उत्तरं हायेत."

तिच्या मार्गदर्शक प्रेमला मॅडम काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. गाण्यांची उत्तरं वाचून त्यांनी चष्मा काढला. "साधना, ज्याची मुलाखत घेतो त्याच्याशी नातं जोडायचं नाही. जोडलंस तर प्रबंधाची अब्रू गेली म्हणून समज."

आपण शामसुंदरच्या प्रेमात पडलो आहोत, हे साधनाला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणि त्याची मुलाखत तर सगळ्या प्रबंधाचा जीव होती! प्रबंध धरला तर शामसुंदर सुटणार, आणि शामसुंदर धरला तर...

रविवारी फाटकातच तिने त्याला मॅडमचं म्हणणं सांगितलं.

"मंग माह्यं नाव काढून टाका प्रबंधातून."

"कावून?" विद्यापीठाची मराठी बाजूला राहिली आणि तोंडून घरचा शब्द निघाला.

"कारण विचाराचं नसते. कोणीबी केव्हाबी माघार घेऊ शकते, तुम्हीच सांगतलं होतं."

साधनाचे डोळे भरून आले. "राग आला माझा?"

"राग? अवं, त्या प्रबंधात राहिलो तर तुमच्या घरी कसा येऊ? आई अन् मामा तर आजच लग्नाचं बोलाले तुमच्या बाबाकडं निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, पह्यले तिले विचारतो, मंग कोणालेबी विचारा."

साधना त्याच्याकडे बघतच राहिली. आजवर तिच्याबद्दलचं सगळं आधी घरात ठरायचं आणि मग तिला कळवलं जायचं. आज कोणीतरी सगळ्यांच्या आधी तिला विचारत होतं. प्रबंधाचा जीव गेला होता, आणि तिला मात्र आनंदाने रडू येत होतं.

डोळे पुसून तिने चेहरा कडक केला. "आधी धोके सांगा."

"आई लई बोलते. मी घोरतो. अन् मामा सगळीकडं सही कराले येतो."

"आणि दुसरा काही उपाय?"

"मले तर नाही जी दुसरा."

तो फाटकाची कडी उगाचच लावत होता, काढत होता. "अन् खरं सांगू... मी घाबरून राहिलो."

साधनाने कडीवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"मी बी घाबरून राहिली," ती म्हणाली. "पण हो."