नवव्या तुकड्याची रसछाप

त्या काळात परीक्षण कुणी वाचत नसे, लावत असे. डोक्याला पट्टा बांधायचा, आवडत्या समीक्षकाची रसछाप निवडायची आणि मग गाणं सुरू करायचं. रसछाप म्हणजे एखादा जाणकार ते गाणं ऐकत असताना त्याच्या मेंदूत जे जे उमटलं, त्याची जशीच्या तशी नोंद. गाणं तुमच्या कानात, आनंद मात्र त्याचा. आपल्याला काही कळत नसलं तरी अडायचं नाही. लोकांना आणखी काय हवं असतं?

'धोटा' हा अल्बम गाजला तो असाच. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. इचलकरंजीच्या बारा पोरापोरींचे बारा तुकडे साजिदा मुजावरनं गोळा केले होते. प्रकार ड्रम अँड बेस: वर मिनिटाला एकशेसत्तर ठोक्यांनी पळणारे ड्रम, खाली निम्म्या चालीनं जाणारा जाड खर्ज. यंत्रमागांच्या खटखटीत वाढलेल्यांना तो शिकवावा लागला नाही. उरल्यासुरल्या छापील परीक्षणांनी आधी अल्बमची पार सालटी काढली. 'शेडमधला गोंगाट' असं एकानं लिहिलं. मग वसंत मगदूम सरांनी रसछाप दिली आणि महिन्याभरात नावं ठेवणारेच अल्बम डोक्यावर घेऊन नाचू लागले. नवव्या तुकड्यात ड्रम मध्येच थांबतात, खर्ज एकटा उरतो. तिथं जो तो रडायचा. पुढं पंचवीस वर्षं जगभरची पोरं तशीच जागा आपापल्या गाण्यात घालत राहिली.

हा नववा तुकडा साजिदाच्या धाकट्या भावाचा, मुनीरचा. अल्बम निघायच्या आधीच तो काविळीनं गेला. त्याच्या महिनाभर आधी त्यानं तो तिला ऐकवला होता आणि विचारलं होतं, "कसं झालंय, आपा?" ती रडली होती, तिनं त्याला पोटाशी धरलं होतं. त्या एका आठवणीवर बाईनं पंचवीस वर्षं काढली. अल्बम गाजल्यावर तो तुकडा तीही सरांचीच छाप लावून ऐकायची.

अल्बमच्या पंचविशीच्या सत्काराला ऐंशीचे मगदूम सर आले. चहा पिताना सहज बोलून गेले, "छाप दिली त्या सकाळी लेकीचा फोन आला होता. तिची गाठ साधी निघाली. मी इतका हलका झालो होतो, की कानापाशी मिक्सर लावला असता तरी रडलो असतो."

म्हातारा हसला. साजिदाच्या हातातला चहा तसाच गार झाला.

चार दिवसांनी ती पुण्यात डॉ. विभावरी आवटींसमोर बसली होती. वारंवार लावलेली रसछाप मेंदूत मुरून बसते; ती पुसायचं काम त्या करत.

"सरांचं राहू द्या," साजिदा म्हणाली. "मी तर छाप निघायच्या आधी ऐकलं होतं. माझं रडणं तरी माझंच ना?"

"त्या वेळी तुम्ही काय करत होता? नीट आठवा."

साजिदानं डोळे मिटले. "मी खाटेवर. मुनीर लॅपटॉपपाशी. ड्रम थांबले तशी मी रडायला लागले. डावा गुडघा चोळत होते."

"वय किती होतं तुमचं?"

"सव्वीस."

"सव्विसाव्या वर्षी गुडघा दुखायचा?"

साजिदानं आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"मगदूम सरांचा दुखायचा. छापेत शरीराचंही थोडं उतरतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आठवण कपाटातल्या साडीसारखी घडी घालून पडलेली नसते, ताई. दर वेळी काढली की मेंदू ती नव्यानं विणतो, हाताला लागेल त्या धाग्यानं. तुम्ही पंचवीस वर्षं त्यांचा धागा वापरलात."

"मग मी त्याला खरं काय म्हणाले होते?"

"छाप पुसून ऐका. आता आवडला, तर तेव्हाही आवडला असेल. याहून जास्त मी सांगू शकत नाही."

छाप पुसायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी साजिदानं नुसत्या कानांनी नववा तुकडा ऐकला. ड्रम पळाले, थांबले. खर्ज उरला. पुन्हा ड्रम सुरू झाले आणि तुकडा संपला. तिला काहीच वाटलं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. तापात जिभेची चव जाते तसं झालं होतं.

"तुकडाच वाईट आहे, की माझ्यातच काही उरलं नाही?"

"ते मलाही कळणार नाही. छाप पुसताना कधीकधी तिच्याखालचं आपलं स्वतःचंही खरवडलं जातं."

"तुम्हाला कसा वाटतो?"

"मी छापेशिवाय कधी ऐकलाच नाही." डॉक्टरांनी मान खाली घातली. "तसं ऐकलेलं कुणी आता सापडायचंही नाही."

साजिदानं पुन्हा डोळे मिटले. खोली आली, खाट आली. मुनीरनं वळून विचारलं, "कसं झालंय, आपा?" खाटेवरच्या सव्वीस वर्षांच्या बाईचा चेहरा कोरा होता. ती बोलेल म्हणून साजिदा बराच वेळ थांबली. ती बोलली नाही.

"सरांची छाप परत बसवा," साजिदा म्हणाली.

"ताई, ते खोटं आहे हे आता तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण तो अजून तिथंच उभा आहे, डॉक्टर. विचारतोय. त्याला काहीतरी सांगायला नको?"