पारूचं पपनस

कंदील जरा मोठा करा, मग सांगते. पोशीरला आमच्या परसात न्हाणीचं पाणी जातं तिथं पपनसाचं झाड आहे. ते लावलं पारूनं, माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोनं. ती पहिल्याच बाळंतपणात गेली, पोरही गेलं. मग दुसरेपणावर मी आले. रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घातला आणि कामाला लागले. मेलेल्या सवतीशी भांडायला मला सवड कुठली?

माझी शकू जन्मली त्या पावसाळ्यात झाडाला पहिल्यांदा फळं धरली. सुईण गौराबाई रोज येऊन शकूला न्हाऊमाखू घालायची. एक दिवस ती आलीच नाही. दुपारी घरातली सगळी शेतावर होती, मला डुलकी लागली. जाग आली तर शकू पाळण्यात कुंची घालून निजलेली. केस ओले, अंगाला तेल, गालावर काजळाची तीट. मला वाटलं, आली असेल बाई उशिरा.

संध्याकाळी तिची सून दारावरून चालली होती, तिला विचारलं.

"आत्या कुठल्या येतात? पाय मुरगळलाय, बाजेवरून उठल्या नाय त्या."

त्या दिवसापासून शकू माझं दूध पिईना. छातीशी धरली की तोंड फिरवायची. पोट मात्र टम्म भरलेलं, आणि तोंडाला पपनसाच्या पानांचा वास. माझा पदर दुधानं भिजायचा आणि लेक माझ्याकडे परक्यासारखी बघायची. मी मोरीत जाऊन रडायचे.

मग एका दुपारी पाळणा रिकामा दिसला. धावत परसात गेले. पाऊस धो धो कोसळत होता. झाडाच्या आळ्यात शकू शांत निजली होती, अंगावर एक थेंब नव्हता.

सासूबाईंनी तिला उचललं आणि हळूच म्हणाल्या, "पारू हाय ती... तिला पोर पायजे."

"मग काय, माझी देऊ?"

"नाय गं... तिचं तिला देऊ."

तिन्हीसांजेला त्यांनी झाडाचं एक मोठं पपनस तोडलं. शकूच्या कुंचीत गुंडाळलं, तीट लावली आणि माझ्या हातात दिलं. तान्ह्या पोरासारखं जड लागलं. मी ते आळ्यात ठेवलं.

"पारूबाई... ही तुझी. माझी मला राहू दे..."

सकाळी फळ नव्हतं. कुंची नीट घडी करून ठेवलेली होती, तिला दुधाचा वास येत होता. त्या दिवशी शकू मला बिलगून पोटभर प्यायली.

गणपतीच्या आदल्या दिवशी मखराला बांधायला पपनस काढायला गेले. पाहते तर झाडावरच्या प्रत्येक फळाला तीट. बोट लावलं, काजळ बोटाला आलं. तेव्हापासून त्या झाडाचं फळ आम्ही तोडत नाही. तिची पोरं तिच्याजवळ असली की ती घरात येत नाही, एवढं मला कळलं.

परवा शकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आज सकाळी मी झाडाखाली जाऊन फांदी न फांदी चाचपली. यंदा एकही फळ धरलेलं नाही.

खालच्या फांदीवर धुतलेली कुंची वाळत होती. घरात अजून कुणी कुंची शिवायला घेतलेली नाही.