चार बोटं आखूड बाही

उदयसिंहने भिंतीवरचा फोटो खाली उतरवला, त्याचा चंदनी हार काढून फ्रिजवर ठेवला आणि डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर फोटो उताणा निजवला, तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालणाऱ्या जोतीरामांच्या डाव्या हातातली सुई जागच्या जागी थांबली... चोपन्न वर्षं तो फोटो भिंतीवर होता. आधी साताऱ्याकडच्या गावी मातीच्या भिंतीवर, मग एकेका भाड्याच्या खोलीत, आणि आता इथे कामोठ्याला, सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवरच्या फोटोला लोक नमस्कार करतात, त्याच्याकडे बघत कुणी नाही, या एका भरवशावर पंचाहत्तर वर्षांचे जोतीराम निकम आजवर रोज रात्री शांत झोपत आले होते. टेबलावरचा फोटो मात्र सगळे बघतात.

फोटोत दोन भाऊ होते, दोघेही वर्दीत. उजवीकडे उंच, आडव्या हाडाचे हैबतराव, म्हणजे उदयसिंहचे वडील, एकाहत्तरच्या लढाईत गेलेले. डावीकडे किडकिडे जोतीराम, म्हणजे उदयसिंहचे काका, न गेलेले. घरात दोघांची ओळख साधारण अशीच करून दिली जाई.

"नाना, जरा सरका. उजेड येऊ दे," उदयसिंह म्हणाला.

जोतीराम सरकले. या घरात सरकण्याची त्यांना चांगली सवय होती.

उद्या सव्वीस जानेवारी. झेंडावंदनानंतर सोसायटीच्या बागेत हैबतरावांच्या नावाची पाटी लागायची होती. पेंटर संध्याकाळी येणार होता आणि त्याला तिसरी ओळ हवी होती: तुकडी कोणती? ती कुणालाच ठाऊक नव्हती, कारण कागदपत्रं दोन हजार पाचच्या पुरात गेली. तेव्हा निकम तळमजल्यावर राहत. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं आणि जोतीरामांच्या कुलपातली कागदांची पेटी माळ्यावर होती, तरी कागद तेवढे भिजले. हा चमत्कार कसा झाला ते फक्त जोतीराम जाणत होते.

पण माणसं कागद भिजवू शकतात, बाह्या नाही. दोन्ही भावांच्या बाहीवर, खांद्याच्या खाली, काडेपेटीएवढी खूण शिवलेली होती. हैबतरावांच्या बाहीवर उडता ससाणा, जोतीरामांच्या बाहीवर किल्ली. उदयसिंहची इतिहास शिकणारी मुलगी क्षिप्रा फोनवरच्या एका ग्रुपमध्ये होती. जुन्या सैनिकांच्या फोटोतल्या अशा खुणा ओळखायच्या, एवढंच त्या ग्रुपचं काम. त्यात बहुतेक सगळे निवृत्त गृहस्थ असल्यामुळे कुठल्याही प्रश्नाला उत्तर चार मिनिटांत येई.

"आलं, पप्पा. ससाणा म्हणजे अगदी पुढची तुकडी. पहिल्याच रात्री सरहद्द ओलांडलेली."

उदयसिंहने डोळे मिटले. पन्नाशी उलटलेला तो धिप्पाड माणूस क्षणभर सहा महिन्यांचं बाळ झाला. "लिहून घे. तिसरी ओळ तीच."

"आणि किल्ली म्हणजे मागचा डेपो. रेशन साठवायचा."

"ते कशाला विचारलंस? घरात सगळ्यांना पाठ आहे. एक भाऊ गोळी खाऊन गेला आणि एक भाऊ पायावर पोतं पाडून घेऊन आला." मग हसून, "हो ना, नाना? तुमचं काम उद्याचं फिक्स आहे. खुर्च्या लावायच्या. पुढच्या रांगेत गेस्ट आहेत, तुमी मागे बसा."

"बसतो की," जोतीराम म्हणाले.

दिवाणावर मेथी निवडणाऱ्या रंगूबाईंनी, हैबतरावांच्या विधवेने, एक काडी जरा जास्तच जोराने मोडली.

खरी गोष्ट जोतीरामांच्या काळजात होती आणि ती फार मोठी नव्हती. त्या साली त्यांची पलटण पुढे सरकताना हैबतदादाच्या डेपोजवळ दोन दिवस थांबली. दादा त्यांना बाजारातल्या स्टुडिओत घेऊन गेला आणि पडद्याआड म्हणाला, "तुझा शर्ट दे रे, एका फोटोपुरता. रंगूच्या माहेरचे मला गोदामातला शिपाई म्हणत्यात. तिला एक ससाणा दिसू दे." भावांनी शर्ट बदलले, फोटो निघाला, शर्ट पुन्हा ज्याच्या त्याच्या अंगात गेले. पुढे दोन महिन्यांनी ससाण्याची तुकडी लढाईत उतरली आणि जोतीरामांच्या पोटरीतून गोळी आरपार झाली. आणि त्याच आठवड्यात, गोळ्यांच्या आवाजापासून शेकडो मैल मागे, डेपोत पोत्यांची थप्पी कोसळून तिच्याखाली हैबतदादा गेला...

जोतीराम लंगडत गावी पोचले तेव्हा फोटो पोस्टाने आधीच पोचला होता आणि गावाने फोटोवरून सगळं ठरवूनही टाकलं होतं. सरपंचांनी विचारलं, "हैबत पुढच्या फळीत लढता लढता गेला ना?" समोर काळवंडलेली वहिनी, तिच्या मांडीवर सहा महिन्यांचा उदय. जोतीरामांनी मान हलवली. एवढंच केलं. भावाची पोती स्वतःच्या पायावर घेतली, स्वतःची गोळी भावाच्या छातीत दिली, आणि वरून चोपन्न वर्षं त्या मानेखाली काढली. लग्न केलं नाही. आधी मशीद बंदरला, मग मार्केट वाशीला आलं तेव्हा वाशीला, त्याच लंगड्या पायाने पस्तीस वर्षं पोती वाहिली आणि पोराला शिकवलं. त्याग करणाऱ्याची एक पंचाईत असते. तो सांगता येत नाही, आणि सांगितला की उरत नाही.

"आजोबा..." क्षिप्राने फोटोचा फोनवर काढलेला फोटो बोटांनी मोठा केला होता. "ससाण्याच्या चारी कोपऱ्यांवर फुलीचा टाका आहे."

"आसंल."

"माझ्या शाळेच्या दप्तराच्या पट्ट्याला होता, तसाच. आत्ता तुमच्या हातातल्या अभ्र्यावर आहे, तसाच."

जोतीरामांनी अभ्रा मांडीखाली घेतला. हे त्यांनी इतक्या उशिरा केलं की न केलेलं बरं. "दादाला सुई धरता येत नव्हती, पोरी. त्याचा ससाणा म्याच शिवून दिलेला."

"झालं?" उदयसिंह म्हणाला. "पेंटरला फोन लाव."

"एक मिनिट, पप्पा. मग आजोबांच्या स्वतःच्या बाहीवरच्या किल्लीला फुली का नाही? दुसऱ्याची खूण एवढी पक्की शिवणारा माणूस स्वतःची साध्या टाक्याने शिवेल?"

क्षिप्राने फोन वडिलांपुढे धरला.

"आणि आजोबांच्या बाह्या बघा, बोटांवर आल्यात. दादाआजोबांची बाही मनगटाच्या वर चढलीय. हे शर्ट एकमेकांचे आहेत, पप्पा. ससाणा आजोबांचा आहे."

उदयसिंहने आधी मुलीकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि मग फार सावकाश काकांकडे. त्याच्या चेहऱ्यावरून एक बाप निघून चालला होता, आणि त्याला थांबवायचं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी धरायला हवं होतं.

"हे हिच्या डोक्यात तुमी भरवलंत."

"पप्पा, मी स्वतः..."

"तू गप्प बस. नाना, मी विचारतोय. पाटी दादांची लागतेय ते बघवलं नाही ना? जन्मभर डेपोतला म्हणून ऐकून घेतलंत आणि आता, उद्या फंक्शन असताना, मेलेल्या भावाच्या बाहीवरची खूण काढायला निघालात?"

जोतीरामांना एका वाक्यात सुटता आलं असतं. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला असता तर तेही वाक्य लागलं नसतं. पण समोर उदय उभा होता... तापात त्यांच्या छातीवर झोपलेला, शाळेत 'माझे वडील' निबंधाला बक्षीस मिळाल्यावर मशीद बंदरच्या धक्क्यावर धावत येऊन पोत्याखालच्या नानांना तो वाचून दाखवणारा! त्या निबंधातलं एकही वाक्य खोटं ठरू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप होता.

"व्हय," जोतीराम म्हणाले. "म्याच सांगितलं तिला. म्हातारपनी हाव सुटली. दादाचा शर्ट त्याचाच हाय. माप शिंप्यानं चुकवलं."

"आजोबा, खोटं का बोलताय?" क्षिप्राचा आवाज चिरकला.

"मग उद्या तुमी फंक्शनला नको," उदयसिंह म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, इतकं हळू म्हणाला. "सकाळच्या एसटीने गावी जा. काही दिवस तिकडेच राहा."

जोतीराम उठले. आतल्या खोलीतून पिशवी आणली, तिच्यात एक पायजमा घातला, एक सदरा घातला, चष्म्याचं घर घातलं, आणि पुढे काय घालावं ते न सुचल्यामुळे अर्धवट शिवलेला अभ्राही घातला.

"तो अभ्रा ठेवा, भावजी. उशी उघडी हाय."

रंगूबाई उठून टेबलाशी आल्या होत्या. हाताला मेथीचा वास होता. त्यांनी चष्मा लावला नाही. फोटोच्या काचेवर, हैबतरावांच्या मनगटाशी, त्यांनी चार बोटं आडवी ठेवली.

"उदय, इकडं ये. बघ. मनगटापास्नं वर, चार बोटं. तुज्या बापाला तयार सदरा कदी आलाच न्हाय. बाही चार बोटं वाढवून मीच शिवायची, लगीन झाल्यापास्नं. पोस्टमनानं फोटो दिला तवा तू अंगावर पीत हुतास. म्या पयली बाही बगितली. म्हटलं, हा सदरा माज्या नवऱ्याचा न्हवं."

जोतीरामांच्या हातातली पिशवी खाली आली.

"वैनी... तुमाला..."

"आन तुमी लंगडत आलासा. जखमेला हळद कोन भरत हुतं पडवीत? पोतं पडल्यावर पायाला अल्याड एक आन पल्याड एक भोक पडत न्हाय, भावजी."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी मान हलवलीत, तवा मी समोरच हुते. तुमी माज्यासाठी येवडं खोटं घेतलंत, त्ये मी चारचौघांत उघडं पाडू व्हय? मला वाटलं, भावजींना वाटतंय मला ठावं न्हाय, तर तसंच वाटू दे. तेवडाच तुमाला आधार."

चोपन्न वर्षं एका छपराखाली दोन माणसं एकच गुपित एकमेकांपासून जपत आली होती, आणि दोघांनीही ते फार चोख जपलं होतं. रंगूबाई पदराने काच पुसू लागल्या, पण काच पुन्हा पुन्हा ओली होत होती.

"पन आज पोरगं तुमाला घराबाहीर काडतंय. आता न्हाई गप बसत मी."

उदयसिंह खुर्चीत बसला नाही, फरशीवर बसला. बराच वेळ तो जोतीरामांच्या पायाकडे बघत राहिला, पण पायजमा वर करायचा धीर त्याला झाला नाही. शेवटी म्हणाला, "दादा... कसे गेले, नाना?"

"रेशन चडवत हुता. तीन रात्री झोपला न्हवता, त्याच्याबरुबरच्यानं सांगितलं मला. एक गाडी गेली की दुसरी हुबी. शेवटच्या थप्पीला पाय सरकला." जोतीरामांनी पुतण्याच्या डोक्यावर हात ठेवला. डावा, सुईचा. "आमी पुडं लडलो, त्ये त्यानं चडवलेलं खाऊन, बाळा. माजी शरम वाटली तरी चालंल. त्याची वाटून घिऊ नगंस."

त्यावर उदयसिंह रडला. वर्णन करण्यासारखं नव्हतं. मोठी माणसं फार वाईट रडतात.

संध्याकाळी पेंटर आला. तिसऱ्या ओळीत उदयसिंहने त्याला एकच शब्द लिहायला सांगितला: रसद. सेक्रेटरींना टेन्शन आलं. रसद म्हणजे काय, असं चार जण विचारतील, म्हणाले. उदयसिंह म्हणाला, "विचारू देत. मी सांगेन ना."

सकाळी झेंडावंदनाला अर्धा तास उरला असताना तो नवा ब्लेझर हातात घेऊन जोतीरामांसमोर येऊन उभा राहिला. क्षिप्राने जुन्या जीन्सच्या दोन तुकड्यांवर दोन खुणा रंगवल्या होत्या. त्यातली किल्ली त्याने पुढे केली.

"नाना, ही माझ्या बाहीवर शिवून द्या. फुली घालून, पक्की."

जोतीरामांनी सुई घेतली. दोरा दोनदा नेढ्याबाहेर गेला, तेव्हा रंगूबाईंनी तो ओवून दिला. चौथा कोपरा झाल्यावर उदयसिंहने ससाण्याचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला. "आणि हा तुमच्या सदऱ्याला. आज पुढच्या रांगेत."

जोतीरामांनी ससाणा हातात उलटसुलट करून बघितला. मग भिंतीकडे बघितलं. फोटो परत जागेवर होता, हारासकट.

"पुडच्या रांगेत बसतो," ते म्हणाले. "पन ह्यो नगं. शर्ट म्या दादाला दिलाय. दिलेला शर्ट माघारी कसा घिऊ?"

ब्लेझरचा दोरा रंगूबाईंनी दातांनी तोडला.

"देताना बाही तेवडी वाढवून द्यायची हुती, भावजी," त्या म्हणाल्या. "कापड आत दुमडलेलं हुतं."