डब्याला अर्थिंग

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. तू विचारलंस म्हणून सांगते. तो दिवा तेवढा जवळ असू दे.

रांजणगावच्या कंपनीत मी मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिशियन. सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं घेते. गेल्या थंडीत मोनालीचा फोन आला. आम्ही न्हावऱ्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. आता ती दौंड तालुक्यात, भीमेच्या काठावर दिलेली. सासऱ्यांचा, हौसराव आप्पांचा, नदीला लागून ऊस आहे, आणि उसाच्या कडेला गवताची एक मोकळी पट्टी. त्या पट्टीवर मोनालीनं पर्यटकांना राहायला कॅराव्हॅन आणून उभी केली होती. गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली असते ना, ती. पत्र्याची, पांढरी, पुण्यातल्या एका माणसाकडून जुनी घेतलेली. आप्पा तिला ‘डबा’ म्हणायचे. शनिवारी पहिले पाहुणे यायचे होते.

"दाराच्या मुठीला हात लावला की झिणझिण्या येत्यात गं," मोनाली म्हणाली. "आप्पा म्हंत्यात थंडीनं व्हतं तसं. पन मला भ्या वाटतंय."

"केबल काढून ठेव," मी सांगितलं. "मी येईपर्यंत कुणी शिवायचं नाही."

मी पोचले तेव्हा दिवस बराच वर आला होता, तरी नदीवरचं धुकं हललं नव्हतं. ऊस दिसत नव्हता, नुसती पानांची सळसळ ऐकू येत होती. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास हवेत साचला होता. गवत दवानं भिजलेलं. त्यात तो डबा उभा होता, आणि त्याची केबल मोनालीनं गुंडाळून पायरीवर ठेवली होती. मी प्लग हातात घेतला. तीन पिनांपैकी वरची जाड पिन, अर्थिंगची, कुणीतरी पकडीनं कापून टाकली होती. दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून लोक हे करतात. करू नये.

मी कामाला लागले. डब्यापासून थोड्या अंतरावर खड्डा घेतला, पाइप उभा केला, कोळसा आणि मीठ भरलं, पाणी सोडलं. मग लोखंडी खांबावर पेटी बसवली. पेटीत एक स्विच होता, वीज कुठं गळाली, कुणाच्या अंगातून जाऊ लागली, की झटक्यात पडणारा. शेजारी सर्ज प्रोटेक्टर. आजूबाजूच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारी एकदम बंद झाल्या की व्होल्टेज उसळतं, ते तो जमिनीत उतरवतो. पेटीत अजून वीज दिली नव्हती.

डब्याला अर्थिंग जोडण्याआधी सवयीनं मी टेस्टर मुठीला टेकवला.

टेस्टर पेटला.

मी केबलकडे पाहिलं. ती पायरीवर गुंडाळलेलीच होती. आत बॅटरी असेल म्हणून रबरी हातमोजे चढवले आणि कुलूप काढून आत गेले. बॅटरीचा कप्पा रिकामा होता. बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि मीटर लावला. एक टोक खड्ड्यातल्या पाइपला, एक मुठीला. घरातल्या बोर्डाला दाखवतो तेवढं भरलेलं व्होल्टेज मीटर दाखवत होता. कुठूनही वीज न येणाऱ्या पत्र्यावर.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. धुक्यात काही हलत नव्हतं. मग पत्र्याच्या आतून बारीक घुंई ऐकू आली, रोहित्राजवळ येते तशी. आणि त्या घुंईत, दाराच्या अगदी पलीकडून...

"मेन... बंद करा ना..."

बाईचा आवाज. दात आवळून बोलल्यासारखा.

"मोनाली?" मी हाक मारली.

"काय गं?" मोनाली माझ्या पाठीमागून, घराच्या वाटेनं चहा घेऊन येत होती.

मी दार उघडून पाहिलं. आत कुणी नव्हतं. ओल्या गवताचा आणि त्याखाली जळक्या केसांचा वास मात्र कोंडला होता.

मोनालीला मी काही सांगितलं नाही. फक्त ज्यानं डबा विकला त्याचा नंबर मागितला आणि बांधावर जाऊन फोन लावला. मी इलेक्ट्रिशियन आहे, प्लगची पिन कुणी कापली, असं विचारलं.

"मीच," तो म्हणाला. "एका मुक्कामाला दोन भोकांचाच बोर्ड होता. रुपाली... माझी बायको, सकाळी अनवाणी बाहेर आली. परत आत जायला मूठ धरली. हात सुटेना तिचा. ओरडत होती, मेन बंद करा, मेन बंद करा. मला वाटलं मस्करी करतेय. मी हसत होतो..." त्याचा श्वास ऐकू येत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "ती तिथंच आहे का अजून?"

मी फोन ठेवून दिला.

पळून जावंसं वाटलं. पण मोनालीला तिथं सोडून कशी जाणार? आणि खरं सांगू, त्या बाईला तसंच लटकत सोडणंही जमेना. मी हिरवी वायर घेतली, एक टोक पाइपला आवळलं, दुसरं डब्याच्या चासीला, खालच्या लोखंडी सांगाड्याला लावून बोल्ट फिरवू लागले. मीटरचा आकडा उतरत गेला. वीज अशी उतरत नाही, ती असते किंवा नसते. हा आकडा मात्र कुणी दमून खाली बसावं तसा उतरला. घुंई थांबली. खड्ड्यातल्या ओल्या मातीतून थोडी वाफ आली आणि दार आपोआप, आवाज न करता, उघडलं.

दुपारी वीज दिली. दिवे लागले, पंखा फिरला. गिझर लावला की मात्र पेटीतला स्विच पडे. गिझरचं आतलं कॉइल फुटून वीज पाण्यात, पत्र्यात येत होती.

"मी चौफुल्याहून नवीन कॉइल घेऊन येते," मी आप्पांना सांगितलं. "तोवर गिझर लावू नका."

"व्हय व्हय," आप्पा म्हणाले. "जा तू."

मी परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. नदीवरून धुकं पुन्हा वर चढत होतं. लांबूनच डब्याचे दिवे लागलेले दिसले, पण खांबावरच्या पेटीतला, वीज असल्याची खूण देणारा दिवा विझलेला होता. आप्पांनी पेटी सोडून, उसाच्या मोटारीच्या स्टार्टरमधून दोन वायरी थेट डब्यात ओढल्या होत्या. माझी हिरवी वायर सोडून गवतात टाकली होती.

"सारखं पडत व्हतं ते," आप्पा ओट्यावरून म्हणाले. "आता बघ, पानी बी तापलं."

"मामी कुठं आहेत?" मी विचारलं. मोनालीच्या सासूबाई कुठं दिसत नव्हत्या.

"डबा पुसाय गेली."

मी धावले. सरूबाई मामी डब्याच्या दाराशी उभ्या होत्या. पाय अनवाणी, ओल्या गवतात. डावा हात मुठीकडे गेलेला.

"मामी, हात लावू नका!"

त्यांनी लावला नव्हता. हात मुठीपासून चार बोटांवर हवेत थांबला होता, ताणलेला, मागे ओढला जात असलेला. मामी चिडून तो सोडवत होत्या.

"सोड की गं... कोन हाय... मनगट सोड माजं!"

त्यांच्या मागे कुणी नव्हतं.

उजव्या हातातली बादली सुटली, घरंगळत पायरीला लागली आणि चर्रकन निळी ठिणगी उडाली. मी वळले, स्टार्टरकडे धावले आणि मेन खाली ओढला. सगळा अंधार झाला. त्या अंधारात मामी धपकन गवतावर बसल्याचं ऐकू आलं.

टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर मामींच्या मनगटावर पाच बोटांचे वळ होते. बर्फागत गार. आप्पा डोक्याला हात लावून तिथंच खाली बसले.

"बाई व्हती," मामी म्हणाल्या. "हात थरथरत व्हता तिचा. पन सोडलं न्हाई तिनं."

दुसऱ्या दिवशी मी सगळं पुन्हा जोडलं, गिझरचं कॉइल बदललं, केबलला नवा प्लग लावला. आप्पा स्वतः वायरी धरून उभे राहिले. पाहुणे येतात, राहतात, जातात. स्विच एकदाही पडलेला नाही. आत वासही उरला नाही. मामी दाराशी हळदीकुंकू वाहतात.

मला वाटलं, त्या माणसाला हे कळावं. त्याच्या बायकोनं एका बाईचा जीव वाचवला, आता ती मोकळी झाली, एवढं सांगावं म्हणून मी एका संध्याकाळी फोन लावला. तो उचलला गेला. पलीकडून बारीक घुंई येत होती. मग एका बाईनं, अगदी शांत, मोकळ्या आवाजात विचारलं, "कोण?"

मी नाव सांगितलं. साहेबांना द्या म्हणाले.

"ते येऊ नाही शकत," ती म्हणाली. "त्यांचा हात अडकलाय."

आणि ती हसायला लागली.